विरळ हवा, जादा पेट्रोल : लडाखच्या वाटेवर कार्ब्युरेटरचे जेटिंग

दर वर्षी जून महिना उजाडला, की मुंबई-पुण्यातील दुचाकीस्वारांना लडाखचे वेध लागतात. कोणी मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून चंडीगडपर्यंत धाडतो, तर कोणी थेट घराच्या दारातूनच निघतो. टायर, ब्रेक, क्लचची वायर, जादा ट्यूब अशी सारी तयारी जय्यत असते. मात्र मनाली मागे पडून रस्ता चढू लागला, की कालपर्यंत तक्रार न करणारी गाडी कुरकुरू लागते. ॲक्सिलरेटर पिळला तरी वेग वाढत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, आयडलिंगला इंजिन बंद पडते. एखाद्या खिंडीच्या ऐन वळणावर गाडी थांबते आणि किका मारून स्वारालाच धाप लागते.

गाडीत बिघाड झाला, असा समज अशा वेळी होतो. प्रत्यक्षात बहुतेकदा काहीही मोडलेले नसते. इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळत असते, एवढेच. यावरील उपाय म्हणजे जेटिंग. कार्ब्युरेटरमधील पितळी जेट आणि सुई यांत बदल करून पेट्रोलचे प्रमाण हवेच्या प्रमाणाशी जुळवून घेणे, असा त्याचा अर्थ. काम तासाभराचे आहे. मात्र ते अर्धवट समजून केले, तर चढावर वाचलेले इंजिन परतीच्या प्रवासात जळू शकते. म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

हवेचे गणित

महाराष्ट्रातील मेकॅनिकला या समस्येची सवय नसते आणि त्यात त्याचा दोष नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. मनाली गाव त्याहून उंचावर, सुमारे २,०५० मीटरवर वसले आहे. महाबळेश्वरच्या घाटात पेट्रोलचे प्रमाण किंचित बिघडते, पण स्वाराच्या ते लक्षातही येत नाही. लडाखचा मामला वेगळा आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे. मनाली-लेह मार्गावरील बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर आणि तांगलांग ला सुमारे ५,३२८ मीटर उंचीवर आहे. लेहहून नुब्रा खोऱ्यात उतरताना ओलांडावा लागणारा खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तेथील फलकाने वर्षानुवर्षे १८,३८० फुटांचा दावा केला. उपग्रहाच्या साह्याने केलेल्या मोजणीत ती उंची सुमारे १७,५८२ फूट भरली.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १,०१३ हेक्टोपास्कल असतो. लेहच्या उंचीवर तो सुमारे ६५८ पर्यंत घसरतो आणि खारदुंग ला येथे जेमतेम ५१५ उरतो, म्हणजे जवळपास निम्मा. याच कारणाने तेथे पाणी ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि कुकरशिवाय भात-डाळ नीट शिजत नाही. डोंगरावरचा गारठा हवेला थोडा दाटपणा देतो. तो हिशेबात धरूनही खारदुंग ला येथील हवेची घनता मुंबईच्या तुलनेत ५५ ते ५८ टक्केच असते. खाली एक लिटर हवेत जितका प्राणवायू मिळतो, तितक्यासाठी वर पावणेदोन लिटर हवा लागते.

कार्ब्युरेटरला उंची कळत नाही

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनाला कमाल ताकद हवी असेल, तर मिश्रणात पेट्रोल थोडे अधिक ठेवतात, म्हणजे एका भागास साडेबारा ते तेरा भाग हवा. हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्या निमुळत्या गळ्यातून हवा वेगाने वाहते, तेथे दाब कमी होतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर ओढले जाते. यात कुठेही वीज नाही, मेंदू नाही. केवळ छिद्राचे माप आणि हवेचा ओघ यांवर सारे चालते.

मेख नेमकी येथेच आहे. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात हवेचे ठरावीक आकारमान ओढतो, वजन नव्हे. घनता ५६ टक्क्यांवर आली, की इंजिनात जाणाऱ्या हवेचे वजनही ५६ टक्क्यांवर येते. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही. गळ्यातील ओढ घनतेच्या प्रमाणात कमी होते, पण छिद्रातून वाहणारा द्रव त्या ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ०.५६ चे वर्गमूळ येते सुमारे ०.७५. म्हणजे हवा ५६ वर आली, तरी पेट्रोल ७५ वरच थांबले. मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले. मुंबईत १३ ला १ असलेले मिश्रण खिंडीत १० ला १ च्याही खाली येते. मेकॅनिकांच्या भाषेत गाडी ‘रिच’ झाली. एवढे दाट मिश्रण नीट पेटत नाही, आणि इंजिन थंड असेल वा सवयीने चोक ओढलेला असेल, तर ते पेटण्याचे नावच घेत नाही.

गाडीची लक्षणे

मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, की गाडी ते लपवत नाही. धूर काळा येतो, पेट्रोलचा वास सुटतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला असता इंजिन अडखळते आणि थोडा मागे घेतला, तर उलट बरे चालते. प्लग काढून पाहिल्यास टोकाला कोरडी काजळी बसलेली दिसते. गाडीचे मायलेज घटते. या शेवटच्या लक्षणाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांडी येथील पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी दुचाकीस्वारांत वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. लिटरमागे पाच-सात किलोमीटर कमी पडले, तरी एवढ्या पल्ल्यावर सगळा हिशेब कोलमडतो.

याउलट मिश्रणात पेट्रोल कमी पडले, म्हणजे गाडी ‘लीन’ झाली, तर प्लगचे टोक पांढुरके पडते. ॲक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, इंजिन प्रमाणाबाहेर तापते, ओढीवर खडखड असा धातूचा आवाज येतो. पहिल्या प्रकाराने गाडी फार तर बंद पडते. दुसऱ्या प्रकाराने ती कायमची निकामी होऊ शकते. हा फरक लक्षात ठेवूनच पुढील कामाला हात घालावा.

चार भाग, चार कामे

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पुरवणारा एकच मार्ग नसतो. ॲक्सिलरेटर किती उघडला आहे, त्यानुसार वेगवेगळे भाग सूत्रे हाती घेतात.

आयडलिंगपासून पाव ॲक्सिलरेटरपर्यंत पायलट जेट आणि त्याच्या जोडीचा स्क्रू काम करतो. गाडी थंड असताना चालू होत नाही, उभ्या जागी बंद पडते, असे असल्यास दोष येथे शोधावा. पाव ॲक्सिलरेटरच्या आसपास स्लाइडच्या खालच्या बाजूचा तिरका काप परिणाम करतो. त्याला सहसा हात लावावा लागत नाही. पाव ते पाऊण या टप्प्यात सुई, म्हणजे निडल, पेट्रोल मोजते. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसवलेली असते. क्लिप एक खाच वर सरकवली, की सुई तितकी खाली उतरते आणि पेट्रोल कमी होते. क्लिप खाली आणली, की पेट्रोल वाढते. पाऊण ते पूर्ण ॲक्सिलरेटर ही मेन जेटची हद्द आहे.

स्क्रूच्या बाबतीत मोठा घोटाळा होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवेचा. बाहेर फिरवला की हवा वाढते आणि पेट्रोलचे प्रमाण कमी होते. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोलमिश्रणाचा. तो बाहेर फिरवल्यास पेट्रोल वाढते. दोहोंची दिशा परस्परविरुद्ध असल्याने ‘अर्धा फेरा बाहेर काढ’ हा ऐकीव सल्ला एका गाडीला तारतो आणि दुसरीला बुडवतो.

काही गाड्यांत सीव्ही प्रकारचा कार्ब्युरेटर असतो. त्यात स्लाइड केबलने नव्हे, तर दाबाच्या फरकाने उचलली जाते. विरळ हवेत ती थोडी कमी उचलली जाते आणि काही प्रमाणात आपोआप भरपाई होते. पण ही भरपाई पूर्ण नसते. शिवाय अशा कार्ब्युरेटरच्या सुईला अनेकदा खाचा नसतात, त्यामुळे बदल जेट आणि स्क्रू यांपुरताच मर्यादित राहतो.

जेटचा क्रमांक कसा ठरवावा

जेटवर कोरलेल्या क्रमांकाचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. केहिन बनावटीच्या मेन जेटवर सहसा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांश भागात दिलेला असतो. ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरील क्रमांक मात्र वाहणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणावर आधारलेला असतो. हा भेद विसरल्यास हिशेब पार चुकतो. कारण व्यास थोडा जरी घटला, तरी छिद्राचे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

उदाहरणादाखल गाडीत ११० क्रमांकाचा जेट आहे, असे समजू. लेहच्या उंचीवर हवेची घनता मुंबईच्या दोनतृतीयांश धरली, तर पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटवावे लागते. क्रमांक व्यासाचा असल्यास १०० चा जेट पुरतो. क्रमांक प्रवाहाचा असल्यास ९० चा लागतो. खारदुंग ला येथे घट २५ टक्क्यांची. म्हणजे व्यासाच्या हिशेबाने ९५ आणि प्रवाहाच्या हिशेबाने ८२ च्या आसपास.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात सर्वोच्च खिंडीचा आकडा धरून जेट बसवणे शहाणपणाचे नाही. खिंडीच्या माथ्यावर गाडी काही मिनिटेच असते. प्रवासाचे बहुतेक दिवस तीन ते साडेचार हजार मीटरच्या पट्ट्यात जातात. म्हणून लेहच्या उंचीला अनुरूप किंवा त्याहून किंचित मोठा जेट निवडावा. खिंडीत गाडी थोडी रिच चालेल, थोडा धूर येईल, पण ती चालेल आणि इंजिनही सुरक्षित राहील. जिथे शंका असेल, तिथे झुकते माप पेट्रोलच्या बाजूने द्यावे.

प्रत्यक्ष कृती

काम गावात, सपाट जागी, दिवसाउजेडी करावे. खिंडीच्या माथ्यावर कधीही करू नये. विरळ हवेत बोटे बधिर होतात, लक्ष लागत नाही आणि तेथे रेंगाळणे प्रकृतीसही घातक असते. मनालीत मुक्काम असेल तर तेथे किंवा लेहला विश्रांतीच्या दिवशी हे उरकावे.

इंजिन थंड होऊ द्यावे. पेट्रोलची चावी बंद करावी. आसपास सिगारेट, स्टोव्ह वा ठिणगी असता कामा नये. सर्वप्रथम स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून मूळ फेरे मोजावेत आणि वहीत लिहून ठेवावेत. तो आत आवळू नये, टोक खराब होते. नंतर फ्लोट चेंबर रिकामा करून खालचे झाकण उघडावे. मधोमध मेन जेट आणि शेजारी पायलट जेट दिसतो. पितळ मऊ असते, म्हणून खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरावा. जेटचे छिद्र तारेने कोरून वा सोल्डर भरून माप बदलण्याचा उद्योग करू नये. तसे केल्यावर ते माप नेमके किती झाले, हे कोणालाच सांगता येत नाही.

एका वेळी एकच बदल करावा. आधी स्क्रू, मग क्लिप एक खाच वर, मग मेन जेट, असा क्रम ठेवला, तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळते. पुष्कळदा स्क्रू आणि क्लिप यांवरच भागते व जेट बदलावा लागत नाही. चाचणीसाठी इंजिन तापल्यावर चढावर काही अंतर पूर्ण ॲक्सिलरेटरने जावे, नंतर क्लच दाबून इंजिन बंद करावे, सुरक्षित जागी थांबावे आणि प्लग पाहावा. टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य. मूळ जेट छोट्या डबीत घालून त्यावर क्रमांक लिहावा. ही डबी परतीच्या प्रवासातील सर्वांत मोलाची वस्तू ठरणार आहे.

एअर फिल्टर काढू नये

विरळ हवेवर एक सोपा उपाय प्रवाशांत प्रचलित आहे. एअर फिल्टर काढून टाका, हवा वाढेल! हवा किंचित वाढते हे खरे, गाडीही थोडी मोकळी होते. पण फिल्टरच्या जाळीने अडवलेली हवा फारच थोडी असते. वातावरणातूनच गेलेली ४५ टक्के हवा त्याने परत येत नाही. उलट लडाखच्या कच्च्या रस्त्यांवरची बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन, रिंगा व बोअर घासून काढते. फिल्टर काढण्याऐवजी रोज संध्याकाळी झटकून स्वच्छ करावा. धुळीने बुजलेला फिल्टर गाडी आणखी रिच करतो, म्हणून जेटला हात लावण्याआधी फिल्टर पाहणे हा पहिला नियम आहे.

खरा धोका परतीचा

जेट बदलल्यानंतर गाडी लडाखभर सुरळीत चालते आणि तिचा विसर पडतो. चूक येथेच होते. मनालीकडे उतरताना ॲक्सिलरेटर बहुतेक वेळ बंद असतो, त्यामुळे लहान मेन जेटचा त्रास जाणवत नाही. घाट संपतो आणि चंडीगडच्या दिशेने सपाट महामार्ग लागतो. हवा आता पूर्ण दाट असते, ऊन चाळिशीला टेकलेले असते, घरची ओढ लागलेली असते आणि ॲक्सिलरेटर तासन् तास उघडा राहतो. २५ टक्के कमी पेट्रोल देणारा जेट तसाच असेल, तर १३ ला १ हवे असलेले मिश्रण १७ ला १ वर जाते. ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिक ज्याला ‘पिस्टन सीझ झाला’ म्हणतात, तो हाच प्रकार. धावत्या गाडीत असे घडले, की मागचे चाक एकाएकी जाम होते. क्लच दाबायला स्वाराला क्षणभरच मिळतो. नुकसान मग केवळ गाडीचे राहत नाही.

दोन-स्ट्रोक गाड्यांत हा धोका आणखी वाढतो. जुन्या येझदीसारख्या गाड्यांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. जेट लहान केला, की पेट्रोलसोबत वंगणही कमी होते. अशा गाडीच्या मालकाने जेटिंग करूच नये असे नाही, पण उतरण सुरू होताच मूळ जेट परत बसवणे त्याला चुकवता येणार नाही. श्रीनगरमार्गे परतणाऱ्यांनी काश्मीर खोऱ्यात आणि मनालीमार्गे परतणाऱ्यांनी मनालीत हे काम करावे. मैदानी प्रदेशात पोहोचल्यावर पाहू, असे म्हणू नये.

गेलेली ताकद परत येत नाही

जेटिंगकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. पेट्रोलचे प्रमाण हवेशी जुळवता येते, पण नसलेला प्राणवायू आणता येत नाही. ३४६ सीसीच्या बुलेटची १९.८ अश्वशक्ती खारदुंग ला येथे निम्म्याच्या आसपास उतरते आणि जेट कितीही अचूक असला, तरी ती तेवढीच राहते. म्हणून सामान कमी ठेवावे, मागे माणूस बसवून खडी चढण चढू नये, खालचा गिअर वेळेत टाकावा. क्लच अर्धवट दाबून गाडी रेटत नेली, तर क्लचप्लेट जळतात आणि खिंडीत बंद पडण्याचे दुसरे कारण तयार होते. पहाटे गाडी सुरू करताना आधी चोक न ओढता किक मारून पाहावी. मिश्रण मुळातच दाट असल्याने चोकची गरज पुष्कळदा पडत नाही.

नव्या गाड्या, जुन्या गाड्या

एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये कार्ब्युरेटरसह आली आणि पुढच्याच वर्षी तिला फ्युएल इंजेक्शन मिळाले. इंजेक्शनच्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. उंची वाढली, की संगणक पेट्रोल स्वतःच कमी करतो आणि उतरताना स्वतःच वाढवतो. परतीचा विसर पडण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही. ताकद मात्र त्या गाडीचीही घटते.

तरीही जुन्या बुलेट, २०११ मध्ये आलेली आणि आता बंद झालेली हीरो इम्पल्स, आरएक्स १०० आणि कार्ब्युरेटरच्या मारुती जिप्सी आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक त्यांच्यासह हिमालय गाठत आहेत. बोगद्यांनी वाट सोपी केली, हे खरे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे ३,९७८ मीटरचा रोहतांग आता टाळता येतो. पण त्याने पहिली कसोटी रद्द झाली नाही, बारालाचा लापर्यंत पुढे ढकलली गेली, इतकेच.

अशा प्रवाशाने निघण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या कार्ब्युरेटरची बनावट, जेटचे क्रमांक व स्क्रूची बाजू वहीत टिपून ठेवावी. एक-दोन माप लहान असे जेट घरूनच विकत घेऊन जावेत, कारण वाटेत नेमका तोच क्रमांक मिळेल याची खात्री नाही. आणि मूळ जेट परत बसवण्याचा दिवस व गाव प्रवासाच्या वेळापत्रकातच लिहून टाकावे, पेट्रोलपंप आणि मुक्काम यांच्या जोडीने.